दुसऱ्या डब्यातला क्रिस्टल

सुलू,

तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. खुर्चीवरून उठलेच नाही. संस्थेच्या छोट्या सभागृहात तुझा फोटो, त्याला शेवंतीचा हार, आणि माइकवर एकामागून एक माणसं. कुणी तुझ्या पदव्या वाचल्या, कुणी तुझे विद्यार्थी मोजले. संचालकांनी तुला 'अत्यंत मृदुभाषी' म्हटलं तेव्हा मागच्या रांगेत कुणाला तरी हसू दाबताना खोकला आला. मग माझं नाव पुकारलं. मी मानेनेच नको म्हटलं. सगळ्यांना वाटलं, विद्याला रडू आवरत नाहीये. रडू वगैरे काही नव्हतं. तुझ्याशी मी शेवटचं जे बोलले ते खोटं होतं, आणि ते घशात अडकलेलं असताना दुसरं काही बोलणं मला जमणार नव्हतं.

सहा महिने झाले. आता बोलते. क्रमाने बोलते. मध्येच उडी मारली की "पायरी गाळू नकोस" म्हणून तू टेबलावर पेन आपटायचीस.

आपण एकाच वर्षी एम.एस्सी.ला आलो. मी शिवाजी पार्कची, वडील बँकेत, घरात काचेच्या कपाटात पुस्तकं. तू लालबागच्या चाळीतली, तुझे वडील, आबा, गिरणीत विणाई खात्यात. गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाल्यावर, आपल्याला नोकऱ्या लागल्यावर, तू एकदा लॅबमधला लेझर घरी घेऊन गेलीस. मीही होते बरोबर. भर दुपारी खोलीची खिडकी बंद करून तू आबांचं मलमलचं उपरणं ताणून धरलंस आणि त्यातून लेझर सोडलास. समोरच्या भिंतीवर लाल ठिपक्यांची फुली उमटली. "आबा, धाग्यात अंतर किती, वीण कशी, ता सगळा ह्या ठिपक्यांवरनं कळता. आम्ही डीएनएचा असाच बघतो, एक्स-रे सोडून." आबांनी उपरणं जरा फिरवलं, ठिपकेही फिरले. मग ते म्हणाले, "आनि धागो चुकलो तर? तो दिसता?"

दुसऱ्या दिवशी चहा पिताना तू मला म्हणालीस, "बघ, आयुष्यभर गिरणीच्या मागावर उभं राहिलेला माणूस. पहिला प्रश्न चुकलेल्या धाग्याचा." त्यानंतर तू दुसऱ्या कुठल्या विषयाला हात लावला नाहीस.

डीएनएच्या शिडीत अ‍ॅडेनिनसमोर थायमिन यावं लागतं. कधी चुकून सायटोसिन येतं. पेशीने ती चूक वेळेत दुरुस्त केली नाही, तर ती पुढे उतरत राहते. ही चुकीची जोडी एकमेकींना धरून ठेवते तरी कशी, हा आपला प्रश्न. तू तसा मुद्दाम चुकवलेला डीएनएचा तुकडा घेतलास, त्याचा क्रिस्टल वाढवलास, एक्स-रे लावलेस. जोडी अगदी जवळ जवळ बसलेली दिसली. इतक्या जवळ बसायचं तर मध्ये एक हायड्रोजन हवा, आणि एरवी त्या जागी हायड्रोजन नसतो. तो आला कुठून? एक्स-रेला हायड्रोजन जवळजवळ दिसतच नाही. एक्स-रे इलेक्ट्रॉन बघतात, आणि त्याच्याकडे आहे एकच, तोही शेजाऱ्याकडे ओढलेला.

तू म्हणालीस, अ‍ॅडेनिनच्या टोकाच्या नायट्रोजनवर दोन हायड्रोजन असतात, त्यातला एक उठून शेजारी जाऊन बसलाय. म्हणजे टोकाला उरला एक. मला वाटत होतं, जागा कुणीच सोडलेली नाही, बाहेरून पाण्यातून एक जास्तीचा आलाय. म्हणजे टोकाला दोनच्या दोन. सगळं भांडण एवढंच होतं. त्या नायट्रोजनवर एक की दोन?

तुझं म्हणणं छापून आलं. खाली माझी सही होती. मला शंका होती, तरी सही केली. तुझी चार वर्षं त्यात गेली होती, माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझंही नाव त्यावर यावं असं मला वाटत होतं. त्या लेखाने तुला लोक ओळखायला लागले. मला तुझी जोडीदार म्हणून.

मग तो सेमिनार. तू पहिल्या रांगेत होतीस. कुणीतरी मला विचारलं, त्या जुन्या निष्कर्षाबद्दल आज काय वाटतं? मी म्हणाले, "तो क्रिस्टल आम्लधर्मी द्रावणात वाढवला होता, तिथे सुटे हायड्रोजन हवे तेवढे असतात. मला वाटतं ती जोडी म्हणजे आम्लाची करामत आहे. पेशीत असं काही घडत नसावं." तुला आधी न सांगता, दोनशे माणसांसमोर. तू पेनाला टोपण लावलंस आणि वही मिटलीस. वर्षभर तू माझ्याशी बोलली नाहीस. कॅन्टीनमध्ये मीठ हवं असलं तर उठून पलीकडच्या टेबलावरून आणायचीस.

वर्षाने माझ्या दारात उभी राहिलीस. बसलीसुद्धा नाहीस.

"न्यूट्रॉन लावू या."

"काय?"

"न्यूट्रॉनला हायड्रोजन दिसतो. जड पाणी वापरलं तर आणखी स्वच्छ दिसतो. एक की दोन ते एकदाचं दिसेल."

"सुलू, न्यूट्रॉनला क्रिस्टल केवढा लागतो माहीत आहे ना? एक्स-रेसाठी वाढवतो त्याच्या शेकडो पट."

"क्रिस्टल मी वाढवते. परदेशातल्या न्यूट्रॉन यंत्रावरच्या वेळेचा, बीमटाइमचा अर्ज तू लिही, तुझं इंग्रजी बरं आहे."

यात टोमणा होता की कामाची वाटणी, ते मला अजून कळलेलं नाही.

मोठा क्रिस्टल वाढायला शांतता लागते, आणि नेमकं त्याच वर्षी आपल्या संस्थेच्या मागच्या गिरणीच्या जागेवर टॉवरचं पायलिंग सुरू झालं. दिवसभर जमीन हादरायची. तुझ्या थेंबांत एका मोठ्या क्रिस्टलऐवजी शेकडो बारके पडायचे, वाळू सांडल्यासारखे. सात महिने फुकट गेले. मग एका रविवारी थर्माकोलचे दोन डबे हातात धरून तू माझ्या घरी आलीस. त्यांवर फक्त आकडे होते, १ आणि २.

"तुझ्याकडे तळमजला आहे. मागच्या खोलीत कुणी जात नाही. लोखंडी कपाटात ठेव."

"माझ्याकडे? माझ्याविरुद्धचा पुरावा माझ्याच कपाटात?"

"म्हणूनच. तू हरलीस तर मी काही केलं असं म्हणता येणार नाही तुला. उघडायचं नाही. डब्यात काय आहे ते विचारायचं नाही. मी दर रविवारी येईन."

आणि तू आलीस. पाच महिने, दर रविवारी सकाळी, पार्कातले फिरायला आलेले लोक घरी परतायच्या वेळेला. चप्पल दारात, हात धुऊन थेट मागच्या खोलीत. मी दारात उभी राहायची. तू भिंगातून बघायचीस आणि चेहऱ्यावर काही येऊ द्यायची नाहीस. मग बाहेर बसून आपण पोहे खायचो आणि भलतंच काही बोलायचो.

एका बुधवारी मी कपाट उघडलं. तू नियम घातला होतास, तरी उघडलं. पहिला डबा खिडकीशी नेला. थेंबाच्या मधोमध तो होता, खसखशीच्या दाण्याएवढा, कडा इतक्या साफ की जणू कुणी कापल्यात. माझा हात थरथरत होता. एक झटका बसला असता तर तडा गेला असता, आणि दोष रस्त्यावरच्या एखाद्या ट्रकला गेला असता. हा विचार माझ्या मनात आला, सुलू. आला आणि गेला, पण आला होता. मी डबा जागेवर ठेवला आणि कपाटाला टेकून तशीच खाली बसले.

रविवारी तू झाकण बघितलंस. "उघडलंस."

"कशावरून?"

"आतून बाष्प धरलंय." माझ्याकडे वळून तू बराच वेळ बघितलंस. "हात थरथरला?"

"हो."

"मग ठीक आहे," म्हणालीस आणि पुन्हा भिंगाला डोळा लावलास.

बीमटाइम मिळाला तेव्हा तू जाणार होतीस. तिकीटही काढलं होतं. मग पोटातलं दुखणं निघालं, तपासण्या झाल्या, आणि परळच्या हॉस्पिटलमध्ये तुझी खाट लागली. पहिला क्रिस्टल जड पाण्यासकट काचेच्या नळीत तूच बंद केलास, सलाइनची सुई हाताला असताना, एका दिवसाची सुट्टी मागून लॅबमध्ये येऊन. नळी माझ्या हातात देताना म्हणालीस, "विमानतळावरच्या एक्स-रेने काही होणार नाही. तुझ्या चालण्याने होईल. सावकाश चाल." मी कापसात गुंडाळलेली ती नळी पर्समध्ये घेऊन निम्मं जग ओलांडलं, आणि विमान धावपट्टीवर टेकलं तेव्हा दोन्ही हातांनी ती पर्स छातीशी उचलून धरली. शेजारच्या माणसाला वाटलं मी घाबरलेय. घाबरलेच होते.

न्यूट्रॉनचं काम फार सावकाश चालतं. बावीस दिवस त्या एका दाण्यावर किरण पडत होते. परत आल्यावर एका सकाळी लॅबमध्ये मी मॅप, म्हणजे कुठला अणू कुठे आहे त्याचा नकाशा, उघडला. टोकाच्या नायट्रोजनजवळची जागा रिकामी ठेवून हिशेब केला होता, म्हणजे आपल्या मनातलं उत्तर त्यात घुसू नये. पडद्यावर हायड्रोजनचे दोन फुगवटे होते. दोन, स्वच्छ, शेजारी शेजारी. मला आनंद झाला. हे लिहायलाच हवं. पहिली दोन मिनिटं मला निव्वळ आनंद झाला, आणि त्यात तू कुठेही नव्हतीस.

त्याच दिवशी चारच्या भेटीच्या वेळेला मी हॉस्पिटलमध्ये आले. तुझे थोरले भाऊ, अंतूदादा, दाराबाहेर बाकावर पेजेचा थर्मास घेऊन बसले होते. "आज बऱ्यापैकी हा," म्हणाले. मी आत आले, आणि मी बसायच्या आधीच तू विचारलंस.

"एक की दोन?"

"दोन."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं आता रडशील. उघडलेस तेव्हा ते परीक्षकाचे डोळे होते.

"दुसरा फुगवटा नॉइजच्या किती वर?"

"चौपट."

"जागा रिकामी ठेवून बघितलंस, की आधी दोन बसवून?"

"रिकामी ठेवून. सुलू, मी बेइमानी करेन का?"

"बेइमानी कोण म्हणतंय? घाई म्हणत्येय मी. एका क्रिस्टलवर मी मत बदलणार नाही. दुसऱ्या डब्यातला लाव."

"त्याने काय बदलणार आहे? आम्लातला डीएनए, आम्लाने दिलेला हायड्रोजन. मी तेव्हाच म्हटलं होतं. संपलं."

"संपलं नाही. ऐक, दुसऱ्या डब्यात..."

"अगं, पुन्हा बीमटाइम मिळायला वर्ष जाईल! तुला वर्ष कुठे आहे?"

शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मान वळवली. माझा आवाज तेवढा चढला होता. तू माझ्याकडे बघत होतीस, रागाने नव्हे, एखाद्या आकड्याकडे बघावं तशी.

"मला नाही," म्हणालीस. "तुला आहे ना?"

आणि भिंतीकडे तोंड केलंस. मी माफी मागितली नाही. पर्स उचलली आणि बाहेर आले. दादांनी विचारलं, "झाला बोलून?" मी हो म्हटलं.

पाचव्या दिवशी पुन्हा आले ती माफी मागायलाच. पण तोवर तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तू तो दोन बोटांनी जरा उचललास. "पाठवलास?"

"हो. काल गेला."

तू माझ्या हातावर दोनदा थोपटलंस. डबा माझ्या कपाटात होता. मी त्याला हातही लावला नव्हता. सहा दिवसांनी तू गेलीस.

दहाव्यानंतर अंतूदादा एक कापडी पिशवी घेऊन घरी आले. "तिना सांगल्यान होता, वह्यो विद्याकडे देवच्यो." चहा न घेताच गेले. मी त्या वह्या चार दिवस तशाच ठेवल्या. पाचव्या दिवशी शेवटची वही उघडली. तुझं ते उभट, घट्ट अक्षर. 'डबा १: जुनंच द्रावण, आम्लधर्मी. डबा २: पी-एच ७. वि. म्हणते आम्लाची करामत. आम्ल काढून बघू.' आणि त्याखाली आणखी एक ओळ: 'वि.ला आत्ता सांगायचं नाही. ती उत्तर ठरवून मॅप बघते.'

म्हणजे दुसरा क्रिस्टल जादाचा म्हणून ठेवलेला नव्हताच. तो माझ्या म्हणण्याची परीक्षा होता. ज्या पाण्यात आम्ल नाही त्यात तू तीच चुकीची जोडी वाढवून ठेवली होतीस, माझ्याच घरात, पाच महिने. त्या दुपारी तू मला हेच सांगायला निघाली होतीस. 'दुसऱ्या डब्यात' इथपर्यंत आली होतीस. मी तुझं वाक्य तोडलं, आणि ते कशाने तोडलं ते तुलाही माहीत आहे आणि मलाही.

मला तुझा भयंकर राग आला. मेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. उत्तर ठरवून बघते! आणि तू? वीस वर्षं तू काय केलंस? वही मिटून मी खोलीत येरझाऱ्या घालत तुला मोठमोठ्याने बोलत होते. बोलता बोलता कपाटापाशी आले आणि दुसरा डबा काढला.

क्रिस्टल बारका होता, पण धड होता. नळीत तो मी बंद केला. तुझे हात माझ्याकडे नाहीत. पहिल्या दोन नळ्या फुटल्या, तिसरी जमली. त्याच आठवड्यात तिकडे कुणाचा तरी प्रयोग रद्द झाला आणि मधले अठरा दिवस रिकामे पडले, ते मला मिळाले. मी म्हणाले होते वर्ष लागेल. वर्ष लागलं नाही, सुलू. तू दोन महिने आणखी असतीस तर मॅप तुझ्या हातात दिला असता.

मॅप उघडला तेव्हा या खेपेला मी पडद्याकडे पाठ करून बसले होते. शेवटी वळून बघितलं. दोन.

आम्ल नसतानाही दोन. हायड्रोजनने जागा सोडलेली नाही, तिथे तुझं चुकलं. पण जास्तीचा हायड्रोजन आम्लाने बळेच चिकटवलेला नाही, साध्या पाण्यातूनही ती जोडी तो ओढून घेते आणि धरून ठेवते. ही जोडी म्हणजे करामत आहे असं मी दोनशे माणसांसमोर म्हणाले, ते माझं चुकलं. द्रावण म्हणजे पेशी नव्हे, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. पण तू ज्या गोष्टीवर आयुष्य लावलंस ती गोष्ट आहे. मी म्हटल्यासारखी ती बाटलीतली गंमत नाही.

हे सांगायला मी लालबागला गेले. अंतूदादांनी मॅपचा छापलेला कागद हातात घेतला, त्यातलं काही कळत नसताना खालपर्यंत बघितला.

"म्हंजे सुलूचा चुकला?"

"अर्धं तिचं, अर्धं माझं."

"मगे इतकी वर्सां भांडलात कित्याक गो?"

"भांडलो नसतो तर हा दुसरा क्रिस्टल तिने वाढवलाच नसता, दादा."

ते हसले. "माज्याशीपन भांडायची. माज्या भांडणातना काय्येक निघाला नाय."

मग मी त्यांना सांगितलं. क्रिस्टल पाठवला असं मी तुला खोटंच सांगितलं होतं, तो तेव्हा कपाटातच होता. दादांनी कागदाची घडी घातली. मी विचारलं, त्या दिवशी मी निघाल्यावर ती काही म्हणाली का. "नाय," ते म्हणाले. "झोपली. बऱ्याच दिसांनी बरी झोप लागली तिका." ते ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. दोन्ही एकाच वेळी. तुला खोटं कळलं होतं का? त्या थोपटण्यात काय होतं? मी रोज एक उत्तर ठरवते आणि मग तुझी ती ओळ आठवते, उत्तर ठरवून बघते.

लेख लिहून झाला. तुझं नाव पहिलं आहे, दोन्ही क्रिस्टल तुझे आहेत म्हणून. पहिल्याच परिच्छेदात आपला जुना निष्कर्ष चुकीचा होता असं सरळ लिहिलंय, आणि दुसऱ्यात माझा जाहीर आक्षेपही चुकीचा होता असं. तुझ्या वहीतलं 'आम्ल काढून बघू' हे प्रयोगाच्या कारणात जसंच्या तसं घेतलं. त्याखालची ओळ घेतली नाही. एवढी सूट दे.

मग नियतकालिकाचा फॉर्म आला. सर्व लेखकांनी अंतिम मसुदा वाचून मान्य केला आहे, या वाक्यापुढे खूण करायची होती. मी खूण केली नाही. खालच्या मोकळ्या जागेत, लेखाबरोबर छापायची टीप म्हणून, लिहिलं: 'पहिल्या लेखिकेचं निधन झालं आहे. तिने पहिल्या क्रिस्टलचा निकाल ऐकला होता आणि तो पुरेसा मानला नव्हता. दुसऱ्याचा निकाल तिला कळला नाही. तो तिने मान्य केला असता असा माझा दावा नाही.'

परवा संपादकांचं पत्र आलं. फार सौजन्याने लिहिलंय. सहकाऱ्याच्या निधनाबद्दल दुःख व्यक्त केलंय. लेख स्वीकारायला ते तयार आहेत. फक्त टिपेतलं शेवटचं वाक्य काढता येईल का, असं विचारलंय, कारण त्यामुळे वाचकाच्या मनात निष्कर्षाबद्दल विनाकारण संशय उभा राहतो.

मी आज सकाळी उत्तर पाठवलं. काढता येणार नाही, म्हणून कळवलं.